अंगणावरची केबल

मेणबत्ती अंगणाच्या मधोमध विझली.

माझे दोन्ही हात गुंतलेले होते. हातांत बाबांचा, आतच स्पीकर असलेला अ‍ॅम्प्लिफायर, त्याला बांधलेला पांढरा टॉवेल, आणि टॉवेलच्या गाठीत खोचलेली ती मेणबत्ती. डॅन्यूब नदीवरून येणारा ऑक्टोबरचा वारा आमच्या ब्राइला गावात कुणाला विचारून येत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वेता काकू खिडकीतून सगळं बघत होत्या. "विझली गं, पोरी. विझलेली नेऊ नकोस. त्याला तिकडे अंधारात मिळेल."

"काडेपेटी वर राहिली, काकू."

"मग तिथंच थांब."

थांबले. तेवढ्यात समोरच्या इमारतीच्या जिन्यातून जाड निळा स्वेटर घातलेला एक माणूस बाहेर आला. माझ्याकडे, मग टॉवेलकडे बघून त्याने तोंडातली न पेटवलेली सिगारेट खिशात ठेवली.

"वाऱ्याकडे पाठ करा," तो म्हणाला, आणि लायटर पेटवून हाताच्या ओंजळीत धरला. त्याच्या बोटांना डिझेलचा आणि माशांचा वास होता. मेणबत्ती दोनदा नाही म्हणाली, मग पेटली.

"कुणाकडे न्यायचंय?"

"समोर, चौथ्या मजल्यावर. साबिन कार्लान म्हणून कुणी आहेत. फेरीबोटीवर कामाला."

"आहेत. पण आत्ता घरी नाहीत."

"मग?"

"अंगणात उभे आहेत. लायटर धरून."

मला हसू आलं. बाबा गेल्यापासूनचं पहिलंच. वेता काकू वरून बघत होत्या म्हणून मी ते लगेच आवरलं.

आमच्याकडे माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या वापरातल्या वस्तू द्यायच्या असतात, टॉवेल बांधून, मेणबत्ती लावून. दिलेलं त्याला तिकडे पोचतं, असं म्हणतात. घेणारा आभार मानत नाही. तो म्हणतो, बोग्दाप्रोस्ते... देव त्याला क्षमा करो. एकदा तेवढं म्हटलं की वस्तू परत करता येत नाही. कुणाला काय द्यायचं हे वेता काकूंनी ठरवलं होतं. पुरुषाचं पुरुषाला द्यावं, आणि वापरणाऱ्याला द्यावं, त्या म्हणाल्या होत्या. साबिन एकटा राहतो, बायको स्पेनला गेली ती तिकडचीच झाली, त्याच्या घरात काहीतरी वाजू दे.

साबिनने अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही हातांनी घेतला. "बोग्दाप्रोस्ते," तो हळू म्हणाला. "चांगला माणूस होता पानाइत काका."

मी मान हलवली आणि रिकाम्या हातांनी घरी आले. हात रिकामे असले की कुठे ठेवायचे ते कळत नाही.

*

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा.

"मुका आहे तो," तो म्हणाला.

"मुका कसा? बाबांकडे रोज वाजायचा. आख्ख्या इमारतीला ऐकू जायचा."

"माझ्याकडे नुसता दिवा लागतो. पडद्यावर म्हणतो, नेटवर्क सापडत नाही. मी त्याला म्हटलं, मलाही."

मी त्याला स्वयंपाकघरामागच्या कोठीत घेऊन गेले. बाबांनी घातलेल्या हिरव्या टोमॅटोंच्या लोणच्याच्या बरण्या अजून फळीवर होत्या. त्यांच्या मध्ये, पुसून ठेवलेल्या जागेवर, काळा डबा. छोटासा कॉम्प्युटरच तो. निवृत्त झाल्यावर बाबांनी आपल्या तबकड्या आणि टेप एकेक करून त्यात उतरवल्या होत्या. शेजारी राउटर. तिथून निघालेल्या केबली भिंतीच्या कडेने बाहेरच्या खोलीत गेलेल्या... एक टीव्हीला, एक रिकाम्या जागेला. बाहेरचा रेडिओसुद्धा बाबा इंटरनेटवरूनच ऐकायचे, त्याच वाटेने. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात स्वतःचं असं काहीच नव्हतं. मी बाबांचा गळा देऊन टाकला होता आणि गाणं कोठीत ठेवलं होतं.

हे मला आदल्या संध्याकाळीच कळायला हवं होतं. टीव्हीचा आवाजही अ‍ॅम्प्लिफायरमधूनच यायचा. आदल्या संध्याकाळी मी टीव्ही लावला, माणसं नुसते ओठ हलवत राहिली, आणि मला ते इतकं बरोबर वाटलं की मी तशीच बघत बसले होते.

वेता काकूंना कळायला वेळ लागला नाही. त्या जिना चढून वर आल्या, कोठीच्या दारात उभ्या राहिल्या.

"मुकी वस्तू दिलीस, आंदा? म्हणजे पानाइत तिकडे बटणं फिरवत बसला असेल. बिचारा."

"मी असलं मानत नाही, काकू."

"तू नको मानूस. तो मानायचा की नाही, ते सांग."

आईच्या चाळिसाव्याला बाबांनी शिवणयंत्र दिलं होतं. देण्याआधी तेल घातलं, आणि सुईत दोरा ओवला. मी विचारलं, दोरा कशाला? तर म्हणाले, तिला आता चष्मा कुठला सापडायला.

मी डब्यावर हात ठेवला.

"सोपं आहे," साबिन म्हणाला. "हा डबाही द्या."

"नाही."

ते इतकं पटकन निघालं की मीच दचकले. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. न विचारणारी माणसं फार थोडी असतात. तिकडे परदेशात, पादोवात मी इतकी वर्षं राहते, एका प्रकाशनाची मुद्रितं तपासते. तिथेही सगळे विचारतात आणि उत्तराआधी निघून जातात.

"बरं," तो म्हणाला. "परत तर मला करता येत नाही. आणि तुम्हाला द्यायचं नाही." तो कोठीच्या छोट्या खिडकीशी गेला, बाहेर वाकून पाहिलं, आणि त्याचा आवाजच बदलला. "ही अजून आहे?"

खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून एक करडी केबल बाहेर निघून अंगणावरून समोरच्या इमारतीकडे गेली होती. मी ती कायम पाहिली होती. तिच्यावर पाकोळ्या बसायच्या.

"ही आमची," साबिन म्हणाला. "आम्ही पोरांनी टाकलेली. तेव्हा कुठे होतं घरोघर इंटरनेट? एकानं घ्यायचं आणि केबली टाकून सगळ्या आळीत वाटायचं. पानाइत काकांची कोठी थंड, म्हणून मुख्य पेटी इथे ठेवली होती. मी माझ्या गच्चीतून गळाची दोरी फेकली, शिसं बांधून. तुमच्या बाबांनी ती इथे झेलली."

"मला आठवत नाही."

"कसं आठवेल? पहिल्यांदा शिसं शेजारच्या खिडकीवर आपटलं. तिथून एक मुलगी पुस्तक हातात धरून ओरडली, उद्या माझी परीक्षा आहे, मेल्यांनो."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो बरण्यांकडे बघत होता.

"नापास झालात का?" त्याने विचारलं.

"पहिली आले."

"मग आमच्यामुळेच."

वेता काकू म्हणाल्या, "तुमचं झालं की मला सांगा रे. माझं सार गॅसवर आहे." आणि गेल्या नाहीत.

*

जुनी केबल मेलेली होती. उन्हाने कातडं फुटलं होतं, आत पाणी गेलं होतं. पण ओढायला ती पुरेशी होती. नवी केबल तिच्या शेपटाला बांधायची, आणि साबिनने समोरून जुनी ओढून घ्यायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही कामाला लागलो. नदीवरून धुकं आलं होतं. समोरचा चौथा मजला दिसत होता तो पाण्याखालच्या खोलीसारखा. साबिन म्हणजे निळा ठिपका, आणि ठिपक्याचा आवाज.

"सैल सोडा."

"सोडलीय."

"अजून. तुम्ही धरून ठेवताय."

मी खरंच धरून ठेवली होती. बोटं सोडली. केबल सळसळत निघाली, ओल्या हवेतून, थरथरत... दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे हे तळहाताला कळत होतं. किती दिवसांत तसं कळलं नव्हतं.

मध्ये अक्रोडाच्या फांदीत गाठ अडकली.

"ओढ मागे," तो ओरडला. "थोडी. तुझ्याकडे."

त्याचं 'तुम्ही' धुक्यात कुठेतरी गळून पडलं होतं. माझ्या लक्षात आलं. त्याच्याही आलं असावं, कारण निळा ठिपका क्षणभर ओढायचा थांबला.

"तुझ्याकडे म्हटलंय," वेता काकू खालून ओरडल्या. "ऐकू आलं ना? मला आलं."

मी मागे ओढली. गाठ फांदीतून सुटली.

मग टोकांना खटक्याचे प्लग बसवायचे होते. आत आठ रंगीत तारा. त्या ठरलेल्या क्रमाने एकेका खाचेत जायला हव्यात. माझं टोक मी जुन्या केबलचं कापून ठेवलेलं टोक बघून केलं, त्याने त्याचं आठवणीने. जोडलं. कोठीतल्या राउटरवरचा दिवा लागला नाही.

त्याने फोन केला. "काही नाही?"

"काही नाही. तुझं टोक दाखव."

त्याने केबलचं टोक फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरलं. मागे त्याची खोली दिसली. एक पलंग, एक खुर्ची, टेबलावर एक कप. माझ्या पादोवाच्या खोलीचा फोटो काढला असता तर असाच आला असता. मी रंग वाचायला लागले, मुद्रितं वाचते तसे, अर्थाकडे लक्ष न देता. नारिंगी पट्ट्याचा, नारिंगी, हिरव्या पट्ट्याचा, हिरवा...

"हिरवा चुकलाय," मी म्हटलं. "तो आपल्या पट्टेवाल्याच्या शेजारी बसवलायस. त्या दोघांच्या मध्ये निळी जोडी हवी."

"जोडीतल्या दोघांना लांब बसवायचं? हा कुठला न्याय?"

"नियम आहे."

"दुष्ट नियम आहे," तो म्हणाला, आणि टोक कापून पुन्हा करायला बसला. मान खाली घातल्यावर त्याच्या डोक्यावरचे थोडे पांढरे केस दिसले. फोन बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"लाव आता," मी म्हटलं.

कोठीतला हिरवा दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला.

आणि अंगणात आवाज फुटला.

अ‍ॅम्प्लिफायरने आपला शेवटचा मालक लक्षात ठेवला होता. बाबांचंच स्टेशन, आणि बाबांना शेवटी कमी ऐकू यायचं, म्हणून आवाजही तेवढाच मोठा. दुपारची वेळ. डॅन्यूबच्या पाण्याची पातळी सांगत होते, एकेका बंदराची, रोज सांगतात तशी... नाव, मग आकडा, मग किती चढलं, किती उतरलं. बाबांनी आयुष्यभर गाळ काढणाऱ्या बोटीवर काम केलं. निवृत्त झाल्यावर त्या आकड्यांचा त्यांना काही उपयोग नव्हता, तरी ते लागले की घरात कुणी चमचाही वाजवायचा नाही. आता ते आकडे समोरच्या खिडकीतून निघून धुक्यात शिरत होते आणि आमच्या भिंतीवर आपटून परत जात होते. खालच्या कबुतरांनी उड्डाण केलं. वेता काकूंनी छातीवर क्रूस केला आणि मोठ्याने म्हणाल्या, "हां. आता ऐकतोय तो."

"ब्राइला," निवेदक म्हणाला. आणि आकडा. पाणी उतरत होतं.

मी कोठीत, बरण्यांच्या खाली, फरशीवर बसले. चाळिसाव्याला लोक पाठीवर हात ठेवत होते तेव्हा आलं नव्हतं ते रडू तिथे आलं. साबिनने आवाज कमी केला नाही. फोन चालूच होता. तो समोर खुर्चीवर नुसता बसून राहिला, माझ्याकडे न बघता, बातम्या लागेपर्यंत.

*

त्यानंतर घर जरा वेगळं झालं. माझ्याकडे तेच, रिकामी जागा, ओठ हलवणारा टीव्ही. पण पडद्यावर दिसायचं, समोर काय चाललंय ते. एकाच नेटवर्कवर होतो ना आम्ही. त्याने डब्यातलं कुठलं गाणं लावलं ते माझ्या टीव्हीवर उमटायचं. आवाज हवा असेल तर खिडकी उघडायची. थंडी वाढत होती, तरी मी उघडायची.

एकदा त्याने ओळीने रडकी गाणी लावली. मी फोनवरून त्याचं गाणं बदललं आणि लग्नातली धांगडधिंग्याची चाल लावली. तेही करता येत होतं. लगेच फोन आला.

"मी दाढी करत होतो."

"मग?"

"कापलं. हा तुझा दोष."

"रडत दाढी करतोस कशाला?"

"फेरीबोट रिकामी जाते हल्ली. नवा पूल झाल्यापासून गाड्या तिकडून जातात. परवा आम्ही एक ट्रॅक्टर आणि एक म्हातारी नेली. म्हातारी म्हणाली, पुलावर भीती वाटते, तिथे बोलायला कुणी नसतं."

"तिला काय सांगितलंस?"

"सगळं," तो म्हणाला. "तुझ्याबद्दलसुद्धा."

मी काय सांगितलंस ते विचारलं नाही. खिडकीची काच मात्र बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी तो माशांचं आंबट सार घेऊन आला, पातेलं स्वेटरमध्ये गुंडाळून. जेवताना एक चमचा कमी पडला. सगळे चमचे वेता काकूंनी चाळिसाव्याला वाटून टाकले होते, एकच ठेवला होता माझ्यासाठी. आम्ही आळीपाळीने जेवलो. मी खाताना त्याने वाट पाहिली, तो खाताना मी. सार निवलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

"घराचं काय करणार?" त्याने चमचा माझ्याकडे देत विचारलं.

"विकायचं. एक जोडपं बघून गेलंय. त्यांना रविवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. त्याच दिवशी माझी पादोवाची बस आहे."

"आणि डबा?"

"बरोबर नेईन."

"हं." तो पातेल्यात बघत राहिला. "म्हणजे तिकडे पुन्हा बटणं फिरवणं सुरू."

"तूसुद्धा मानतोस असलं?"

"मी पातेलं घेऊन चार मजले उतरून चार मजले चढलोय," तो म्हणाला. "मी काय मानतो ते मला विचारू नकोस."

*

रविवारी सकाळी बॅग दारात होती. जोडप्याला फोन करायचा राहिला होता. मी कोठीत उभी होते आणि डब्याची तार काढायला हात पुढे होत नव्हता. काढली की समोर आवाज बंद होणार, घर दुसऱ्याचं होणार, आणि पादोवाच्या खोलीत, एका खुर्चीसमोर, मी हा डबा जोडून बसणार. गाणं तेच असेल. पलीकडे कुणी नसेल.

साबिन आला तो पक्कड घेऊन.

"नव्या लोकांना केबल नको असेल," तो म्हणाला. "मीच कापतो. तू कापू नकोस."

तो खिडकीशी गेला. पक्कड उघडली. तशीच धरून उभा राहिला.

"आंदा, एक सांगू?"

"सांग."

"या केबलची गरज नव्हती. डब्यातली गाणी कॉपी करून दिली असतीस तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. रेडिओ तर माझ्या मोबाईलच्या इंटरनेटवरही लागला असता. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग बोलला नाहीस?"

"तू बोलली नाहीस." त्याने मान वळवली. "तुला माहीत नव्हतं?"

खाली कुणीतरी गालिचा झोडपत होतं. धप्... धप्...

"माहीत होतं," मी म्हटलं.

तो हसला नाही. मीही नाही. पण पक्कड त्याने टोमॅटोंच्या बरण्यांशेजारी ठेवली, फार जपून, जणू ती फुटली असती.

मी फोन काढला आणि त्या जोडप्याला सांगितलं की घर विकायचं नाही. बाई रागावली, तिचं बरोबर होतं. मग मी दारामागच्या खिळ्यावरून बाबांची किल्ली काढली. तिला अजून त्यांची दोरी होती, होडीची निळी दोरी, त्यांनीच गाठ मारलेली. ती साबिनपुढे धरली.

"राउटर कधीकधी अडतो," मी म्हटलं. "बंद करून परत लावावा लागतो. कुणीतरी यायला हवं."

त्याने दोन्ही हात पुढे केले, त्या दिवशी केले होते तसेच. "बोग्दा—"

"नको," मी म्हटलं. "हे बाबांच्या नावाने नाही."

"मग?"

"माझ्या नावाने." मी किल्ली पुढेच धरली होती. "हे परत द्यायचं असतं, साबिन. मी मागेन तेव्हा. मी मागायला येणार आहे."

"कधी?"

"मुद्रितं कुठूनही तपासता येतात. तिकडची खोली सोडायला थोडा वेळ लागेल... बर्फ वितळायच्या आत."

तो किल्लीकडे बघत राहिला. मग त्याने ती घेतली. माझी बोटं मात्र सोडली नाहीत.

"थँक्यू," तो म्हणाला. जिवंत माणसाला म्हणतात तसं.

बस बाजारातून दुपारी सुटली आणि आमच्या आळीवरून गेली. ड्रायव्हरने थंडीसाठी सगळ्या काचा बंद केल्या होत्या. तरीही कोपऱ्यावर बस अडली तेव्हा मला ऐकू आलं... नाव, मग आकडा. आवाज बाबांएवढाच मोठा होता. शेजारची बाई म्हणाली, "कोण मेलं एवढ्या जोरात रेडिओ लावतंय?"

"आमच्याच घरचं आहे," मी म्हटलं, आणि ब्राइलाचं नाव येईपर्यंत श्वास धरून ऐकत राहिले. पाणी थोडं चढलं होतं.